‘हो’ म्हणजे कशाला हो? ग्रुपवरच्या मेलमध्ये उत्तरं हरवतात, त्यावर उपाय

अडचण थोडक्यात अशी. पन्नास-शंभर माणसांचा ई-मेल ग्रुप आहे. कोणी प्रश्न विचारतं, चार जण उत्तर देतात, आणि दोन महिन्यांनी तो पत्रव्यवहार उघडला की कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं आणि कुठलं वाक्य कोणाचं, काही म्हणता काही कळत नाही. प्रत्येक मेलच्या पोटात आधीचे सगळे मेल. एका ओळीच्या ‘बरोबर आहे’खाली दहा पानांचं शेपूट. समजावून सांगितलं की आठ दिवस ठीक चालतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझा ग्रुप आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचा आहे. इंदुरात रामबागेतल्या घरातून मी तो सहा वर्षं सांभाळते आहे. दीडशेच्या आसपास माणसं आहेत. निम्मी इंदूर, देवास, धार, उज्जैनची, म्हणजे होळकर-पवारांच्या चाकरीत माळव्यात आलेल्या शाखांची. बाकीची पुण्या-नागपूरची आणि परदेशातली. वयं बावीसपासून ब्याऐंशीपर्यंत. कुलवृत्तांतात एकेका तिथीला, एकेकीच्या माहेरच्या नावाला किंमत असते, म्हणून ही अडचण मला जास्त टोचली. पण ग्रुप सोसायटीचा असो, गणेशोत्सवाच्या कार्यकारिणीचा असो की शाळेच्या जुन्या वर्गाचा, दुखणं हेच असतं आणि औषधही हेच.

एका ‘हो’ची गोष्ट

आमच्या एका पणजीच्या मृत्यूची नोंद जुन्या वहीत सापडली: ‘आश्विन वद्य ५, १८४०’. संपादनाचं बघणाऱ्या पुण्याच्या काकांनी ग्रुपवर विचारलं, “हे १८४० शके धरायचे की इसवी? महिना आपल्या पंचांगाचा की तिकडच्या? आणि अक्षर थोरल्या आजोबांचंच का?” तिसऱ्या दिवशी देवासच्या आत्यांचं उत्तर आलं: “हो, बरोबर आहे.” त्याखाली आधीचे नऊ मेल जसेच्या तसे.

आत्यांचं ‘हो’ अक्षराबद्दल होतं. वंशावळीचे तक्ते भरणाऱ्या मुलाला वाटलं, आकडा बरोबर आहे. त्यानं इसवी १८४० टाकलं. पणजी अठ्ठ्याहत्तर वर्षं मागे गेली. तक्त्याप्रमाणे तिच्या सासऱ्यांचा जन्म व्हायच्या आधी तिचा मृत्यू झाला होता. हे मुद्रितं तपासताना लक्षात आलं, तोवर तीन शाखांचे तक्ते त्या आकड्यावर बेतून झाले होते.

नोंद शकाचीच होती. शके १८४० चा आश्विन म्हणजे १९१८ चा ऑक्टोबर. इन्फ्लुएंझाच्या साथीनं देशात सर्वांत जास्त माणसं नेली ती याच सुमारास. ‘साथीत आठवड्याभरात तिघं गेली’ असं आमच्या घरात सांगत आले आहेत. ती आठवण कुठल्या वर्षाची ते कोणालाच ठाऊक नव्हतं. या नोंदीनं ते कळलं. एका शब्दाच्या उत्तरापायी ते आमच्या हातून निसटलंच होतं.

महिन्याचा प्रश्नही वरवरचा नव्हता. आपला महिना अमावास्येला संपतो. इकडे हिंदी घरांत तो पौर्णिमेला संपतो. म्हणून आपला आश्विन वद्य पक्ष तो त्यांचा कार्तिक कृष्ण पक्ष. दिवस तोच, तिथी तीच, महिन्याचं नाव निराळं. शुद्ध पक्षात हा घोळ होत नाही, वद्यात हमखास होतो. आमच्या कागदांत दोन्ही रीती आहेत, आणि काही जागी विक्रम संवत. म्हणजे काकांनी विचारलेल्या तिन्ही गोष्टी खरोखर विचारण्यासारख्या होत्या, आणि तिन्हींना मिळून आलं एक ‘हो’.

दोष माणसांचा नाही

मी बरेच दिवस माणसांवर चिडत होते. नंतर स्वतः दहा-बारा जणांच्या फोनवर आणि संगणकावर पाहिलं तेव्हा कळलं की रिप्लाय दाबल्यावर बहुतेक प्रोग्राम एकच गोष्ट करतात: लिहायची जागा वर उघडतात आणि जुना मेल पुरता खाली चिकटवतात. ज्याला दुसरं कोणी दाखवलेलं नाही, तो वरच लिहिणार. फोनवर तर खालचं शेपूट दिसतच नाही. तीन टिंबांआड दडलेलं असतं. आपण दीडशे लोकांना काय पाठवतो आहोत हे पाठवणाऱ्यालाच ठाऊक नसतं.

दोघांच्या पत्रव्यवहारात हे खपून जातं, कारण आधीचं दोघांनाही आठवत असतं. ग्रुपमध्ये तसं नसतं. कोणी सकाळी वाचतं, कोणी रविवारी चारशे मेल एकदम वाचतं. दोन उत्तरं वाटेत एकमेकांना ओलांडतात. आणि आमच्यासारख्या ग्रुपमध्ये खरा वाचक अजून यायचा असतो: चार वर्षांनी ‘ही तारीख आली कुठून’ म्हणून शोधणारा. त्याच्या हाती तो एकच मेल लागणार. त्यातून त्याला अर्थ लागला पाहिजे.

प्रोग्राम मेलला उत्तर देतो. माणूस मात्र मेलमधल्या एखाद्या ओळीला उत्तर देत असतो. हे अंतर आपल्याला हातानं भरून काढावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर एखादा निरोप बोटानं सरकवून त्यालाच उत्तर देता येतं, आणि तो निरोप उत्तराच्या डोक्यावर दिसतो. आमच्या घरातल्या आज्याही ते करतात. मेलवर तेच करायचं आहे.

ही काही माझी नवी टूम नव्हे. इंटरनेटवर वागायच्या रीतींचा जो जुना मसुदा आहे, ऑक्टोबर १९९५ चा आरएफसी १८५५, त्यात हे सांगून ठेवलं आहे: उत्तर देताना मूळ मजकुराचा सारांश वर द्या, किंवा संदर्भ कळेल एवढाच मूळ मजकूर ठेवा. तेव्हा जोडण्या इतक्या मंद होत्या की फालतू ओळींचे पैसे पडायचे. आता पैसे पडत नाहीत, वाचणाऱ्याचा वेळ जातो.

उपाय: ज्या ओळीला उत्तर, ती ओळ उत्तराच्या डोक्यावर

आत्यांचं उत्तर असं आलं असतं तर काही बिघडलं नसतं:

पुण्याचे काका लिहितात:
> हे १८४० शके धरायचे की इसवी?

शके. त्याच पानावर वर ‘शके १८३९’ असं स्पष्ट आहे.

> महिना आपल्या पंचांगाचा की तिकडच्या?

आपल्या. वहीत ‘वद्य’ लिहिलंय, ‘बदी’ नाही.

> अक्षर थोरल्या आजोबांचंच का?

हो.

शेवटचा ‘हो’ तोच आहे, पण आता तो कशाला आहे ते लहान मुलालाही कळेल. बाकी सगळं, म्हणजे ‘सप्रेम नमस्कार’, काकांची सही, त्याखालचे आठ मेल, काढून टाकलं आहे. काढल्यानं काहीही हरवत नाही. ते मेल प्रत्येकाकडे आणि ग्रुपच्या साठ्यात आहेतच.

ओळीच्या आधीचं ते बाणासारखं चिन्ह म्हणजे ‘हे माझं नाही, दुसऱ्याचं आहे’. एक बाण असेल तर ज्याला उत्तर देतो आहोत त्याचं, दोन असतील तर त्याच्या आधीच्याचं. दोनाच्या पुढे गेलात तर समजा की कापायला उशीर झाला.

आता हे करायचं कसं. संगणकावर जीमेलमध्ये रिप्लाय उघडल्यावर उत्तराच्या चौकटीत तळाशी तीन टिंबं दिसतात. ती दाबली की जुना मजकूर उघडतो. मग त्याच चौकटीच्या जास्तीच्या पर्यायांतून ‘प्लेन टेक्स्ट मोड’ (नुसती अक्षरं, रंग-सजावट नाही) निवडा. जुन्या प्रत्येक ओळीआधी बाण येतो. नको त्या ओळी पुसा, हव्या त्या ओळीखाली रिकामी ओळ घेऊन लिहा. थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम संगणकावर वापरणाऱ्यांचं काम सर्वांत सोपं: मूळ मेलमधली हवी तेवढीच ओळ माउसनं निवडा आणि मग रिप्लाय दाबा, तेवढीच ओळ येते. त्याच्या खात्याच्या सेटिंगमध्ये, मेल लिहिण्याच्या भागात, उत्तर जुन्या मजकुराच्या खाली सुरू करायची सोयही आहे. ऑफिसातून लिहिणारे बरेच जण जुनं, संगणकावर बसवलेलं आउटलुक वापरतात. तिथे ऑप्शन्समध्ये मेलच्या पानावर ‘रिप्लाय आणि फॉरवर्ड’चा भाग आहे, त्यात मूळ मेलच्या प्रत्येक ओळीआधी चिन्ह घालायचा पर्याय निवडून ठेवा. एकदा केलं की कायमचं.

फोनवर हे जिकिरीचं आहे, आणि साठीच्या पुढच्या माणसाला बोटानं मजकूर निवडून पुसायला सांगणं मला बरोबर वाटत नाही. त्यांच्यासाठी वेगळा उपाय खाली दिला आहे.

खाली लिहिणं आणि वर लिहिणं

इथे माझं मत थोडं निराळं आहे. जुने जाणते म्हणतात, उत्तर नेहमी खालीच हवं. मी म्हणते, कापणं आधी, जागा नंतर.

आमच्यातल्या एका काकांची दृष्टी मोतीबिंदू आणि काचबिंदूनं जवळजवळ गेली आहे. फोन त्यांना मेल वाचून दाखवतो. त्यांनी मला एकदा सांगितलं, “अगं, तेच पत्र मी आठव्यांदा ऐकतोय.” कोणीतरी नियम पाळायचा म्हणून उत्तर खाली लिहिलं होतं, पण वरचं काही कापलं नव्हतं. त्या एका ओळीपर्यंत पोचायला त्यांना सगळं शेपूट ऐकावं लागलं. न कापता खाली लिहिणं हे न कापता वर लिहिण्यापेक्षा वाईट आहे. वर लिहिलेलं निदान आधी कानावर पडतं.

लाल रंगाचंही तसंच. ‘माझी उत्तरं खाली लाल अक्षरांत दिली आहेत’ ही आपल्याकडची फार आवडती रीत. प्लेन टेक्स्टमध्ये रंग उरत नाही. फोनवर ऐकणाऱ्याला रंग ऐकू येत नाही. दुसऱ्यानं निळ्यात, तिसऱ्यानं हिरव्यात लिहिलं की मूळ लेखक कोण हे सांगायला कोणी उरत नाही. रंग वापरायचाच असेल तर हौसेनं वापरा, पण ओळीआधी आपलं नाव घाला: ‘देवासच्या आत्या: शके.’ एवढं पुरतं.

दुसऱ्याचं वाक्य कापा, पण बदलू नका

ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

‘आश्विन वद्य ५, १८४०’ ही नोंद एका मेलमध्ये कोणीतरी ‘आश्विन ५, १८४०’ अशी उतरवली. घाईत ‘वद्य’ गळलं. पुढच्यानं ते वाक्य बाणासकट उचललं, म्हणजे आता ते पुण्याच्या काकांच्या नावावर होतं. त्यांनी तसं लिहिलंच नव्हतं. पंधरा दिवसांचा फरक एका गळलेल्या शब्दानं, आणि तोही भलत्या माणसाच्या तोंडी.

म्हणून बाणाच्या ओळीत हात घालायचा नाही. मधलं वगळायचं असेल तर तीन टिंबं द्या. शुद्धलेखन सुधारू नका, आकडे देवनागरीतून रोमनमध्ये किंवा उलट करू नका, शकाचा इसवी करू नका. चूक दिसली तर ती तशीच ठेवून खाली आपल्या ओळीत सांगा: ‘वर १८३३ आहे, मला वहीत १८३२ दिसतं.’ कापल्यानं अर्थ उलटत नाही ना, हेही बघा. ‘दत्तक झालं असं ऐकलं आहे, कागद सापडला नाही’ यातलं पुढचं अर्धं कापलं, तर ऐकीव गोष्ट पुरावा होऊन बसते.

बोलणाऱ्याचं नाव ठेवायचं ते यासाठीच. ‘अमुक लिहितात’ ही ओळ प्रोग्राम आपणहून घालतो, आणि कापाकापीत तीच सर्वांत आधी उडते. दोघांची वाक्यं उचलली असतील तर दोघांची नावं:

देवासच्या आत्या:
> > लग्न शके १८३२ चं.
पुण्याचे काका:
> शकावलीत १८३३ लिहिलं आहे.

वही पुन्हा बघितली. १८३२ वर खाडाखोड आहे, फोटो स्वतंत्र पाठवते.

नावं काढून हाच तुकडा वाचून बघा. कोण काय म्हणालं हे बाण मोजून काढावं लागतं, आणि बाण मोजत बसायला कोणाला सवड आहे?

लिपीबद्दल एवढंच. रोमन लिपीत ‘काळे’ आणि ‘काले’ एकच दिसतं. कोणी रोमनमध्ये लिहिलं असेल तर ते तसंच उचला आणि खात्री असेल तरच आपल्या ओळीत देवनागरी द्या. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर मेलमध्ये चिकटवला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी होते. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर पानाचा फोटो जोडा.

शेपटातून काय काय बाहेर जातं

ही चूक माझ्या हातून झाली आहे, म्हणून सांगते.

एका काकूंनी मला एकटीला लिहिलं होतं. त्यांच्या सासऱ्यांचं दत्तकविधान कसं झालं, जन्मदात्री कोण होती, आणि हे छापायचं नाही. मी ‘नाही छापणार’ म्हणून उत्तर दिलं. पुढे त्याच पत्रव्यवहारात मी त्यांच्याकडे सासऱ्यांचा फोटो मागितला. त्यांनी रिप्लाय करून फोटो पाठवला. फोटो सुरेख होता. मी तो मेल तसाच ग्रुपला फॉरवर्ड केला.

खाली सगळं होतं.

गेलेला मेल दीडशे इनबॉक्समधून परत आणता येत नाही. जीमेलमध्ये ‘अनडू सेंड’ची मुदत फार तर ३० सेकंद ठेवता येते, आणि ती माझ्याकडे तेव्हा ५ सेकंदांची होती. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, चौकशी केली, पण त्यानंतर कुलवृत्तांतासाठी त्यांनी मला एक ओळही पाठवलेली नाही.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. फॉरवर्ड करण्याऐवजी नवा मेल उघडते आणि हवा तेवढाच मजकूर किंवा फोटो त्यात घालते. आणि एकटीला आलेलं काहीही ग्रुपवर टाकण्याआधी विचारते. नुसतं ‘छान लिहिलंय’ असलं तरी विचारते. त्या १९९५ च्या मसुद्यातही हे आहे: खाजगी पत्र सगळ्यांसमोर ठेवायचं तर आधी परवानगी घ्या, आणि शब्द बदलू नका. शेपटात फोन नंबर असतात, घरचे पत्ते असतात, वर्गणीसाठी दिलेला खाते क्रमांक असतो. खजूरी बाजारातल्या छपाईवाल्याला तक्ता पाठवताना ते सगळं त्याच्याकडे जायचं काही कारण नाही. ‘अनडू सेंड’ आजच ३० सेकंदांवर नेऊन ठेवा.

रिप्लाय कोणाला जातो हेही एकदा तपासून ठेवा. काही ग्रुप असे बांधलेले असतात की साधा रिप्लायही सगळ्यांना जातो. काहींमध्ये तो फक्त लिहिणाऱ्याला जातो आणि सगळ्यांसाठी ‘रिप्लाय ऑल’ लागतं. ग्रुप चालवणाऱ्यानं हे सेटिंग काय आहे ते नव्या सभासदाला पहिल्याच मेलमध्ये सांगावं. मी सांगत नव्हते, आता सांगते. अभिनंदन, वाढदिवस, ‘फोटो मिळाला’ हे त्या एकाच माणसाला पाठवा. दुःखाची बातमी आली की मात्र मी कोणाला अडवत नाही. तिथे दीडशे जणांनी सगळ्यांसमोर दोन शब्द लिहिले तर त्या घराला आधार वाटतो. तिथे कापाकापीही नको.

जुन्या मेलवर नवा विषय

सारखं होणारं आणखी एक: ग्रुपचा पत्ता आठवत नाही म्हणून कोणीतरी जुना मेल उघडतं, रिप्लाय दाबतं आणि निराळ्याच विषयाचं लिहितं. कुलदैवताच्या यात्रेची चौकशी पणजीच्या तिथीखाली जाऊन बसते. विषयाची ओळ बदलली तरी पुरत नाही. प्रत्येक मेलला आतून एक ओळख-क्रमांक असतो, आणि रिप्लायमध्ये ‘हा अमुक मेलचा जबाब’ अशी न दिसणारी नोंद जाते. थंडरबर्डसारखे प्रोग्राम त्या नोंदीवरून मेल जुन्या धाग्याखालीच, म्हणजे त्या जुन्या मेल-उत्तरांच्या साखळीतच, लावतात. जीमेल विषय बदलल्यावर वेगळा धागा करतं. म्हणजे एकाला मेल दिसतो एकीकडे, दुसऱ्याला दुसरीकडे, आणि दोघंही खरं बोलत असतात. उपाय सोपा आहे. ग्रुपचा पत्ता फोनमध्ये संपर्क म्हणून साठवा, नव्या विषयाला नवा मेल लिहा.

एकाच धाग्यात विषय हळूहळू सरकत गेला, तर विषयाच्या ओळीत नवं नाव घालून पुढे ‘आधी: पणजीची तिथी’ असं लिहावं. जीमेल एका धाग्यात १०० मेलपर्यंतच ठेवतं, पुढे धागा आपोआप तुटतो; तेव्हा तो आपणच योग्य जागी तोडलेला बरा.

दिवसाचे सगळे मेल एका गठ्ठ्यात (‘डायजेस्ट’) घेणाऱ्यांनी गठ्ठ्याला रिप्लाय करू नये. विषयाच्या ओळीत नुसतं गठ्ठ्याचं नाव जातं आणि खाली पंचवीस मेलपर्यंतचं ओझं. करावंच लागलं तर विषय हातानं लिहा आणि हवी ती एक ओळ सोडून सगळं पुसा.

लांब शेपटाचं मराठीला जास्त ओझं होतं, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. रोमन अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत ३ बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी वेगळ्या मोजायच्या. जीमेल साधारण १०२ किलोबाइटच्या पुढचा मेल तोडून दाखवतं आणि ‘पूर्ण मेल पाहा’ची लिंक देतं. तेवढाच मोठा इंग्रजी पत्रव्यवहार अखंड दिसतो, मराठी अर्ध्यात तुटतो. ज्यानं शिस्तीत उत्तर खाली लिहिलं त्याचंच उत्तर तुटलेल्या भागात जातं. ‘माझ्या मेलचं कोणी उत्तरच दिलं नाही’ अशी तक्रार आली की मी आधी हे बघते.

मोठ्यांना सांगायचं कसं

नियमांचा मेल ग्रुपवर टाकून काही होत नाही, हे मी तीनदा करून पाहिलं आहे. आणि ग्रुपवर सगळ्यांदेखत ‘काका, कृपया खालचा मजकूर काढत जा’ असं लिहिणं तर कधीच नको. ब्याऐंशी वर्षांचा माणूस आपल्या आजीच्या आठवणी टंकून पाठवतो आहे. पुतण्याच्या वयाच्या कोणी त्याला चारचौघांत टोकलं की तो लिहायचा थांबतो. आमच्याकडे एक जण थांबले. नंतर किती विनवण्या केल्या तरी त्यांच्या शाखेचं पान अर्धंच राहिलं. शेपटाचा त्रास परवडला.

मी आता फोन करते. फोनवर शिकवत नाही, आधी त्यांच्या मेलचं उत्तर देते, मग म्हणते, “पुढच्या वेळी एवढं कराल का, कोणत्या प्रश्नाचं उत्तर ते आधी लिहाल?” इंदुरातल्यांकडे सकाळी पोह्यांच्या वेळी जाते आणि त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच एखाद्या मेलवर करून दाखवते. तिशीतल्या मंडळींना वरच्या सगळ्या खटपटी सांगते आणि पाळायलाही लावते, कारण शेपटं लांब होतात ती बहुतेक त्यांच्याच ऑफिसच्या सवयींनी.

ज्यांना फोनवर मजकूर कापणं जमत नाही त्यांच्यासाठी उपाय असा: काही कापू नका, काही चिकटवू नका. रिप्लायच्या पहिल्या ओळीत प्रश्न आपल्या शब्दांत लिहा आणि पुढे उत्तर द्या. बोलून टंकायची सोय वापरत असाल तर प्रश्न आणि उत्तर दोन्ही मोठ्यानं बोला. खालचं शेपूट राहिलं तरी हरकत नाही. महिन्यातून एकदा ते मेल मी स्वतः साफ करून टिपणात उतरवते. त्यात प्रश्न, उत्तर, कोणी दिलं, कोणत्या तारखेच्या मेलमध्ये, एवढंच असतं. दीडशे माणसांच्या ग्रुपला महिन्याला दोन-अडीच तास लागतात.

देवासच्या आत्या आता असंच लिहितात. मागच्या आठवड्यात त्यांच्या आजेसासूबाईंच्या माहेरचं विचारलं होतं. उत्तर आलं: “तू विचारलंस, माहेर धारचं की महेश्वरचं. महेश्वरचं. धारला मावशी होती.”